हात कुणाचे आणि परवाना कुणाला?

मार्च २०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा मंजूर केला. कोरोनाच्या धामधुमीत त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आपल्या चळवळीतही त्यावर चर्चा झाल्याचे आम्हाला आठवत नाही. वास्तविक हा कायदा आपल्या वस्त्यांमधल्या हजारो घरांशी संबंधित आहे. डॉक्टरच्या हाताखाली काम करणारे लॅब टेक्निशियन, ऑपरेशन थिएटरमधले तंत्रज्ञ, भूल देणाऱ्या डॉक्टरचे सहाय्यक, डायलिसिसवाले, एक्स-रेवाले, आणि ज्यांना हल्ली फिजिशियन असोसिएट किंवा फिजिशियन असिस्टंट म्हणतात ते, अशा सर्वांची अधिकृत नोंदवही असावी, अभ्यासक्रमाचे तास ठरलेले असावेत आणि नोंदणीशिवाय कुणी हे काम करू नये, असे हा कायदा सांगतो. पदविका किंवा पदवी घेऊन 'अलाइड' म्हणून नोंद व्हायची तर किमान २,००० तासांचे शिक्षण हवे, आणि 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणून नोंद व्हायची तर किमान ३,६०० तासांची पदवी हवी.

नोंदणी नको असे आमचे म्हणणे नाही. बोगस माणसाच्या सुईने आणि सलाईनने मरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, म्हणून नियमनाची गरज सर्वांत जास्त आपल्यालाच आहे. पण परवाना ही वस्तू निर्जीव नसते. तो कुणी द्यायचा, कुणाला द्यायचा, आणि आजवर ज्यांनी परवान्याशिवाय तेच काम केले त्यांचे काय करायचे, या प्रश्नांना इतिहास आहे. तो इतिहास डॉक्टरांच्या पुस्तकांत सापडेल, पण डॉक्टरांच्याच बाजूने लिहिलेला. म्हणून तो आपण आपल्या बाजूने वाचून पाहू.

फिजिशियन असिस्टंट हे नाव अमेरिकेतून आले, म्हणून सुरुवात तिथून करू. शिवाय काळ्या माणसांचा इतिहास आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि पुढे १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी संघटनेला पँथर हे नाव दिले तेही काही उगाच नाही.

व्हिव्हियन थॉमस हे नाव किती वाचकांना माहीत असेल? १९१० मध्ये जन्मलेला हा काळा तरुण सुतारकाम करायचा. डॉक्टर व्हायचे म्हणून त्याने पैसे साठवले होते. मंदीत बँक बुडाली आणि पैसे गेले. १९३० मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत तो कामाला लागला. थोड्याच वर्षांत कुत्र्यांवरच्या शस्त्रक्रिया तो एकट्याने करू लागला, रक्तस्राव आणि शॉक यांवरच्या प्रयोगांची आखणी आणि मोजमाप करू लागला. त्याचा पगार मात्र झाडूवाल्याच्या वर्गवारीत निघत होता. १९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले तेव्हा त्यांनी थॉमसलाही सोबत नेले. त्या इस्पितळात तेव्हा काळा माणूस दिसायचा तो सफाईचे काम करताना. थॉमस पांढरा कोट घालून व्हरांड्यातून चालला की लोक थांबून बघत.

पुढचा भाग वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जन्मतः हृदयात दोष असल्यामुळे अंग निळे पडणाऱ्या मुलांसाठी काही करता येईल का, हा प्रश्न बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांनी ब्लॅलॉक यांच्यापुढे ठेवला. उपाय होता एक धमनी दुसरीला जोडण्याचा. ती जोडणी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वारंवार करून बसवली थॉमसने, आणि लहान बाळाच्या नसांना चालतील अशी हत्यारेही त्यानेच जुळवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कुठून घ्यायचा, कोणत्या दिशेने घ्यायचा हे थॉमस सांगत होता, कारण ब्लॅलॉक यांच्यापेक्षा ती शस्त्रक्रिया त्याने जास्त वेळा केली होती. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ब्लॅलॉक-टॉसिग. १९४५ च्या शोधनिबंधात थॉमसचे नाव नव्हते. पगार पुरत नाही म्हणून तोच थॉमस ब्लॅलॉक यांच्या घरच्या पार्ट्यांमध्ये दारूचे पेले भरायला उभा राहायचा. आणि त्या पार्ट्यांना आलेल्या तरुण सर्जनांपैकी काही जण दिवसा प्रयोगशाळेत त्याच्याकडूनच शस्त्रक्रिया शिकलेले असायचे!

१९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. आम्हाला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मान द्यायला विद्यापीठ तयार झाले, त्याला शस्त्रक्रिया विभागात अध्यापक म्हणूनही नेमले, पण त्याच्या हातांत जे ज्ञान होते त्या ज्ञानाच्या नावाची पदवी काही त्याला मिळाली नाही. थॉमसने प्रयोगशाळेत अनेक काळ्या तरुणांना तयार केले. त्यांतला रेमंड ली आधी लिफ्ट चालवायचा. तो पुढे हॉपकिन्सच्याच हृदयशस्त्रक्रिया विभागात डॉक्टरांचा सहाय्यक म्हणून रुग्णांवर काम करू लागला. म्हणजे संधी मिळाली की लिफ्टपासून हृदयापर्यंतचे अंतर माणूस एका आयुष्यात कापतो.

आता फिजिशियन असिस्टंट या पेशाची अधिकृत जन्मकथा पाहा. १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, त्यात नौदलात रुग्णसेवा केलेले चार माजी सैनिक घेतले आणि त्यांतले तीन १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण त्याआधीच्या दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली अशी की स्टेड यांनी आधी थेल्मा इंगल्स या परिचारिकेसोबत अनुभवी नर्सेससाठी असाच प्रगत अभ्यासक्रम आखला होता, आणि त्याला परिचर्या शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनेच मान्यता नाकारली. म्हणजे डॉक्टरच्या बरोबरीने निर्णय घेणारी सहाय्यक बाई कागदावर येता येता राहिली. दुसरी गोष्ट बडी ट्रेडवेलची. त्याच राज्यात गार्लंड नावाच्या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांची प्रॅक्टिस होती, आणि हेन्री ली ट्रेडवेल ऊर्फ बडी हा काळा माणूस त्यांचा सहाय्यक होता. त्याला कोणत्याही कॉलेजने शिकवले नव्हते, डॉक्टरांनीच हाताशी धरून तयार केले होते. स्टेड यांनी नवा पेशा आखताना जे नमुने डोळ्यांसमोर ठेवले त्यांत बडी होता. नमुना काळा होता, आणि त्या नमुन्यावरून जी पहिली तुकडी काढली ती सगळी गोरी होती.

ड्यूकमधून पहिला काळा फिजिशियन असिस्टंट, प्रेंटिस हॅरिसन, १९६८ मध्ये बाहेर पडला. या पेशातली पहिली स्त्री जॉइस निकोल्स १९७० मध्ये उत्तीर्ण झाली. तीही काळी होती, आणि त्याआधी ड्यूकमध्येच खालच्या दर्जाची परिचारिका म्हणून काम करत होती. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ या काळ्या डॉक्टरने मेडेक्स हा दुसरा अभ्यासक्रम उभा केला. हे स्मिथ त्याआधी सरकारी खात्यात होते. मेडिकेअर योजनेचे पैसे हवे असतील तर काळे-गोरे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत, असे दक्षिणेतल्या इस्पितळांना बजावण्याच्या कामात ते होते. मेडेक्समध्ये शिकाऊ सहाय्यकाला काही महिने वर्गात शिकवून थेट ग्रामीण डॉक्टरकडे पाठवत. जिथे डॉक्टर नाही त्या गावासाठी माणूस तयार करायचा, आणि सैन्यातून आलेल्याचा अनुभव फुकट घालवायचा नाही, असे दुहेरी गणित त्यात होते.

या सहाय्यकांना कायद्याने मान्यता मिळाली ती टप्प्याटप्प्याने, आणि हे टप्पे नीट समजून घ्यायला हवेत. पहिल्या टप्प्यात कायदा एवढेच म्हणत होता की डॉक्टर आपले काम दुसऱ्याकडे सोपवू शकतो. म्हणजे परवाना डॉक्टरचाच, सहाय्यक फक्त त्याच्या सावलीत उभा. डॉक्टरने नोकरीवरून काढले की उद्या त्याची ओळखच संपली. दुसऱ्या टप्प्यात नोंदणी आली, सहाय्यकाचे नाव सरकारी वहीत चढले. १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर परीक्षा सुरू झाली. तिसऱ्या टप्प्यात स्वतःच्या नावाचा परवाना आला. त्यातही काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचे, पण परवाना सहाय्यकाच्या मालकीचा, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाताना सोबत नेता येईल असा. मिसिसिपी राज्याला हे करायला २००० साल उजाडले. न्यूयॉर्कने तर 'स्पेशालिस्ट असिस्टंट' असा वेगळा वर्गच नोंदवला, ऑर्थोपेडिक किंवा रेडिओलॉजी अशा एकाच शाखेपुरता, त्याच शाखेच्या डॉक्टरच्या हाताखाली. सावलीपासून स्वतःच्या नावापर्यंतचा हा प्रवास ज्याला क्षुल्लक वाटतो त्याने कंत्राटदाराच्या नावावर काम करणाऱ्या सफाई कामगाराला जाऊन विचारावे.

आता आपल्याकडे येऊ. इथे हा प्रश्न अमेरिकेपेक्षा कितीतरी जुना आहे.

कंपनी सरकारला पलटणींसाठी मलमपट्टी करणारे, औषधे कुटणारे लोक हवे होते. म्हणून कलकत्त्यात १८२२ मध्ये नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन निघाली आणि मुंबईत १८२६ मध्ये तशीच एक निघाली. तिथे देशी भाषांतून शिकवत. मुंबईची १८३२ मध्ये बंद पडली, कलकत्त्याची १८३५ मध्ये, आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज आले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. वर बसणारा गोरा सर्जन, मध्ये असिस्टंट सर्जन, तळाशी हॉस्पिटल असिस्टंट, अशी उतरंड तयार झाली. गावोगावचे सरकारी दवाखाने प्रत्यक्षात चालवले ते या तळाच्या हॉस्पिटल असिस्टंटांनीच. पुढे त्यांचे नाव बदलून सब-असिस्टंट सर्जन झाले. नाव मोठे झाले, पायरी तीच राहिली.

याच काळातली एक कथा वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात असते. कलकत्ता मेडिकल कॉलेजात १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी धर्माची बंधने झुगारून प्रेत फाडले. ते जातीने वैद्य. त्यांच्या सन्मानार्थ फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या असेही सांगतात. आम्ही गुप्त यांचे धाडस कमी लेखत नाही. पण वाचकांनी एवढाच विचार करावा की ते प्रेत त्या टेबलावर कुणी आणून ठेवले असेल, नंतर कुणी उचलले असेल, टेबल कुणी धुतले असेल? डोमाने प्रेताला रोज हात लावला तर तो त्याचा जातिधर्म, आणि उच्चवर्णीयाने एकदा लावला तर तो विज्ञानाचा उदय! श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडला. त्याचे उदाहरण हवे असेल तर शवविच्छेदनाच्या खोलीइतके लख्ख उदाहरण दुसरे नाही.

विसाव्या शतकात परवान्याचे राजकारण सुरू झाले. १९१२ मध्ये बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्ट आला आणि त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले. तिथली एल.सी.पी.एस. ही पात्रता जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल, गावच्या डॉक्टरच्या पाटीवर ती हमखास असायची. हे लायसेन्शिएट डॉक्टर. एम.बी.बी.एस.पेक्षा कमी वर्षांचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम, मेडिकल स्कूलमध्ये शिक्षण. १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला तेव्हा अखिल भारतीय व्यवस्थेत फक्त पदवीधरांना जागा मिळाली, लायसेन्शिएट बाहेर राहिले. त्या वेळी संख्येने तेच जास्त होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. म्हणजे दर पाचांतले तीन.

भोर समितीने हा वर्गच बंद करावा, देशात एकाच दर्जाचा डॉक्टर तयार व्हावा अशी शिफारस केली. समितीतल्या काही सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली, पण बहुमत टिकले. या शिफारशीमागचा विचार वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. गावाला दुय्यम डॉक्टर आणि शहराला चांगला, ही विषमता समतेच्या तत्त्वात बसत नाही. पण साल बघा. १९४६ मध्येच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. आपल्या समाजातली मुले पहिल्यांदा मोठ्या संख्येने मॅट्रिकच्या पुढे पाऊल टाकत होती. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले, आणि एकेक मेडिकल स्कूल बंद होत किंवा कॉलेज होत गेले. जे आधीच लायसेन्शिएट होते त्यांना छोटा अभ्यासक्रम करून पदवीधर होण्याची वाट ठेवली गेली. ज्यांनी अजून जिन्याला पायही लावला नव्हता त्यांच्यासाठी मात्र जिन्याची खालची पायरी काढून घेतली गेली. हे आमच्याविरुद्ध मुद्दाम केले असा आमचा दावा नाही. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या घरातले कुणी त्या पायरीवर उभे नव्हते, म्हणून ती पायरी कुणाची आहे हे विचारायचे सुचले नाही, इतकेच.

हे वेगळ्या रीतीने करता आले असते याचा पुरावा दोनच वर्षांनंतरच्या कायद्यात आहे. १९४८ चा फार्मसी अ‍ॅक्ट आला तेव्हा दवाखान्यात औषधे बनवणारा कंपाउंडर होताच. बहुतेकांकडे डिप्लोमा नव्हता. कायद्याने पहिली नोंदवही उघडताना कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आत घेतले, आणि इस्पितळात किंवा दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असणाऱ्यांनाही आत घेतले. दार एकदा उघडले आणि मग नव्यांसाठी शिक्षणाची अट घातली. अनुभवाला कागद देण्याची ही साधी पद्धत इथल्याच कायद्यात आहे, अमेरिकेतून आणायची गरज नाही.

पुढचे झटपट सांगतो. छत्तीसगडने २००१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला, तो डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधात काही वर्षांतच गुंडाळावा लागला. आसामने तसाच डिप्लोमा काढला, तो उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. आधीच शिकलेल्यांसाठी राज्याने केलेला वेगळा कायदा तेवढा टिकला. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याच्या कलम ३२ मध्ये कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित परवान्याची तरतूद आली. प्राथमिक उपचारांपुरते स्वतंत्र, त्यापलीकडे डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि संख्या एकूण डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून अधिक नाही. लगेच डॉक्टर संपावर गेले. अर्धशिक्षितांच्या हाती जनतेचा जीव देणार का, असा त्यांचा सवाल होता. सवाल योग्यच आहे. पण हाच सवाल खासगी इस्पितळांत रात्रपाळीला कोण असते याबद्दल त्याच आवाजात विचारलेला आम्ही ऐकला नाही.

हृदयशस्त्रक्रियेसाठी फिजिशियन असिस्टंट भारतात तयार होऊ लागले ते १९९२ पासून, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. थॉमसने स्टुलावर उभे राहून जे केले त्याचा हा रीतसर अभ्यासक्रम. पण पास झालेल्यांना देशपातळीवरच्या कायद्याची नोंदवही मिळायला २०२१ उजाडले. मधली तीस वर्षे ते अमेरिकेतल्या पहिल्या टप्प्यातच होते, डॉक्टरच्या सावलीत.

आता आपल्या शहरांतल्या सरकारी शवागारांकडे चला. तिथे शवविच्छेदन कोण करते हे उघड गुपित आहे. कवटी उघडतो, बरगड्या कापतो, अवयव बाहेर काढतो आणि शेवटी शिवतो तो बहुधा मॉर्च्युरीतला कामगार. अनेक ठिकाणी त्याची नेमणूक सफाई कामगार म्हणून असते आणि त्याची जात विचारावी लागत नाही. डॉक्टर बाजूला उभा राहून बघतो आणि अहवालावर सही करतो. कुणी म्हणेल की ही तर डॉक्टरच्या देखरेखीखालील तज्ज्ञ सहाय्यकाची अगदी पुस्तकी व्याख्या झाली. झालीच! फरक एवढाच की त्याला प्रशिक्षण दिलेले नसते, संसर्गापासून बचावाची साधने धड दिलेली नसतात, पदनामात त्याच्या कौशल्याचा उल्लेख नसतो, आणि त्याच्या मुलाने हेच काम 'तंत्रज्ञ' म्हणून करायचे ठरवले तर त्याला खासगी कॉलेजची फी भरून ते तास पुरे करावे लागतील. बापाने वीस वर्षे जे हाताने केले ते मुलाने पैसे देऊन शिकायचे. आणि बापाची वीस वर्षे कुठल्या रकान्यात लिहायची?

२०२१ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यात राज्य परिषद असायची आहे. महाराष्ट्राच्या परिषदेकडे आपल्या संघटनांनी मागण्या लेखी द्याव्यात असे आम्ही ठरवले आहे. फार्मसी अ‍ॅक्टसारखी अनुभवावर आधारित नोंद, एकदाच आणि ठरावीक मुदतीत, परीक्षा घेऊन. परीक्षा मराठीतून, आणि अर्धी प्रत्यक्ष कामाची. सहाय्यकाला कामात असताना पुढची पायरी चढता येईल असे अभ्यासक्रम, म्हणजे वॉर्डबॉयला टेक्निशियन आणि टेक्निशियनला असोसिएट होता येईल. सरकारी महाविद्यालयांत या जागा, आणि त्यांवर घटनेप्रमाणे आरक्षण व शिष्यवृत्ती. शवविच्छेदनगृहातल्या कामगाराला सफाईच्या वर्गवारीतून काढून त्याच्या कामाचे पदनाम, वेतन आणि लसीकरण.

या निवेदनासोबत जोडण्यासाठी माहिती अधिकारात प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला दोन प्रश्न विचारायचे आहेत: शवविच्छेदनगृहात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे अधिकृत पदनाम काय, आणि त्यांना या कामाचे प्रशिक्षण कोणत्या तारखेला, किती तासांचे दिले? ज्या वाचकांना आपल्या जिल्ह्याचा अर्ज टाकता येईल त्यांनी टाकावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.